प्रयोज्य कर्त्याचा लोप : ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ मधील उत्कर्ष आणि उद्योग

१

वाहन चालविण्याच्या संगणकीय खेळांत गेल्या काही दशकांत एक निराळी शाखा रूढ झाली आहे. शर्यत हा तिचा विषय नाही. खेळणाऱ्याला विस्तीर्ण भूप्रदेशात मोकळे सोडावयाचे, त्याला मालवाहतुकीची कामे मिळवून द्यावयाची, कामातून पैसा, पैशातून वाहन, वाहनातून अधिक मोठे काम आणि अखेरीस एक उद्योगसंस्था उभी करावयास लावावयाची, असा ह्या शाखेतील खेळांचा सर्वसाधारण आराखडा असतो. त्याचे मूळ शोधू गेल्यास डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल ह्यांनी १९८४ मध्ये सिद्ध केलेल्या ‘एलिट’ ह्या खेळापर्यंत मागे जावे लागते. तेथे ट्रकाच्या जागी अंतराळयान होते. परंतु एका ठिकाणचा माल दुसरीकडे नेऊन विकावा आणि नफ्यातून आपले यान सुधारावे, हे सूत्र तेथे पूर्णपणे सिद्ध झालेले आढळते.

ह्या परंपरेतील सर्वांत परिचित आणि दीर्घायुषी कृती म्हणजे प्राग येथील एससीएस सॉफ्टवेअर ह्या संस्थेने ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा खेळ होय. ह्याच संस्थेने त्यापूर्वी २००२ पासून ‘एटीन व्हील्स ऑफ स्टील’ ही अमेरिकेतील रस्त्यांवरची मालिका काढली होती आणि २००८ मध्ये ‘युरो ट्रक’चा पहिला अवतार प्रसिद्ध केला होता. प्रस्तुत विवेचन ह्या दुसऱ्या अवतारापुरते मर्यादित आहे. त्यात एकाच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे : ह्या खेळात ‘उत्कर्ष’ ह्या शब्दाचा अर्थ काय होतो, आणि त्या उत्कर्षाच्या वाक्यात कोणाला स्थान मिळते व कोणाला मिळत नाही?

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने खेळाविषयी लिहावे हे काहींना अस्थानी वाटेल. परंतु खेळ ही नियमांची व्यवस्था आहे आणि भाषाही तशीच व्यवस्था आहे. इयन बोगोस्ट ह्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळाचे नियमच युक्तिवाद करीत असतात, असे मत विस्ताराने मांडले. हे मत ग्राह्य धरल्यास खेळाचे व्याकरण तपासणे हे आपलेच काम ठरते.

२

प्रथम ह्या उत्कर्षाच्या पायऱ्या पाहू. खेळणारा युरोपातील एखादे शहर आपले मुख्य ठिकाण म्हणून निवडतो. तेथे त्याला एक लहानशी, मोडकळीस आलेली गॅरेजची जागा मिळते. ट्रक मात्र मिळत नाही. पहिल्या पायरीवर तो दुसऱ्याची गाडी चालवितो. इंधन, पथकर, जहाजाचे भाडे, सर्व खर्च मालकाचा. चालकाला त्या खेपेची मजुरी. माल उशिरा पोचला किंवा त्याची नासधूस झाली, तर मजुरीतून कपात होते.

दुसरी पायरी स्वतःच्या ट्रकाची. साठविलेल्या पैशातून किंवा बँकेच्या कर्जातून ट्रक घेतला की प्रत्येक भाड्याची रक्कम वाढते. पण इंधन, दुरुस्ती, पथकर आणि कर्जाचे हप्तेही आता आपल्याच माथी येतात. २०१८ पासून स्वतःचा ट्रेलर घेण्याचीही सोय झाली. ही पायरी फार कुशलतेने रचलेली आहे. मालकी म्हणजे अधिक उत्पन्न आणि तितकीच अधिक चिंता, हे येथे खेळणाऱ्याला कोणी सांगत नाही. इंधनाचा काटा लाल रेषेकडे झुकू लागला की ते त्याला आपोआप कळते.

तिसरी पायरी उद्योगाची. लहान गॅरेज १,८०,००० युरोला मिळते आणि त्यात तीन ट्रक राहतात. आणखी १,००,००० युरो घातले की पाचांची सोय होते. त्यानंतर ट्रक घ्यावयाचे आणि चालक नेमावयाचे. चालक नेमण्याचा खर्च १,५०० युरो. हे तीन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. भिंती, यंत्र आणि मनुष्य ह्या तिहींत मनुष्य सर्वांत स्वस्त. नेमलेला चालक त्यानंतर रोज आपणहून भाडी मिळवितो, परततो आणि त्याचे वेतन वजा जाता उरलेली रक्कम आपल्या खात्यावर जमा होते. कधी त्याला परतीचे भाडे मिळत नाही आणि गाडी रिकामी येते. तेवढाच काय तो त्याच्या आयुष्यातील चढउतार आपल्याला कळतो.

ह्या तीन पायऱ्यांना समांतर अशी दुसरी एक शिडी खेळात आहे. प्रत्येक खेपेबरोबर अनुभवाचे गुण मिळतात आणि ठरावीक गुणांनंतर खेळणारा एक इयत्ता वर चढतो. प्रत्येक इयत्तेला एक कौशल्यबिंदू मिळतो. तो धोकादायक माल, लांब पल्ला, मौल्यवान माल, नाजूक माल, तातडीची पोच आणि इंधनाची बचत ह्या सहा कौशल्यांपैकी एकावर खर्च करावयाचा असतो. प्रत्येक कौशल्याच्या सहा पायऱ्या. म्हणजे छत्तिसाव्या इयत्तेला शिकण्यासारखे काही उरत नाही. इयत्तांना पदव्याही आहेत. त्यांचा मराठी अर्थ क्रमाने असा सांगता येईल : नवखा, उत्साही, राबता घोडा, उद्योजक, निष्णात, शिक्षक, अग्रगण्य, रस्त्याचा राजा, दंतकथा आणि शेवटी दैवी विजेता.

ह्या पदव्यांचा क्रम भाषेच्या अभ्यासकाला विचार करावयास लावतो. ‘राबत्या घोड्या’च्या लगेच पुढे ‘उद्योजक’ येतो, म्हणजे श्रमाकडून मालकीकडे जाण्याची नेहमीची कथा. परंतु त्यानंतर शिडी पुन्हा वळते. ‘निष्णात’ आणि ‘शिक्षक’ हे शब्द कारागिरीच्या जगातले आहेत आणि ‘रस्त्याचा राजा’ हा तर उघडपणे चालकाचाच गौरव आहे, मालकाचा नाही. ह्याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी की अनुभवाचे हे गुण केवळ स्वतः केलेल्या खेपांतूनच मिळतात. पदरी शंभर चालक असले तरी त्यांच्या श्रमाने मालकाची इयत्ता एका बिंदूनेही वाढत नाही. ते चालक आपापला अनुभव स्वतंत्रपणे मिळवितात. उलट एकही चालक न नेमलेला मनुष्य पंधराव्या इयत्तेला ‘उद्योजक’ ही पदवी धारण करतो. खेळाच्या दोन वह्या आहेत : पैशाची आणि अनुभवाची. पहिलीत दुसऱ्याचे श्रम जमा होतात, दुसरीत होत नाहीत.

३

हा भेद मराठीच्या व्याकरणात फार नेमकेपणाने व्यक्त होतो. ‘ट्रक चालतो’ ह्या वाक्यात क्रिया वाहनाची. ‘चालक ट्रक चालवितो’ ह्यात ‘चालणे’ ह्या मूळ धातूचे प्रयोजक रूप आले. क्रिया घडवून आणणारा मनुष्य वाक्यात आला. ‘मालक चालकाकडून ट्रक चालवून घेतो’ ह्यात प्रयोजनाची दुसरी पायरी आली. आपण ज्याला वाहन चालविण्याचा खेळ म्हणतो तो पहिल्या प्रयोजकाचा खेळ होय; ज्याला उद्योग उभारण्याचा खेळ म्हणतो तो दुसऱ्या प्रयोजकाचा. ‘युरो ट्रक’मधील उत्कर्ष म्हणजे ‘चालविणे’ ह्या क्रियापदाकडून ‘चालवून घेणे’ ह्या क्रियापदाकडे केलेला प्रवास, असे थोडक्यात म्हणता येईल.

ह्या विषयाचा विचार आपल्या व्याकरणपरंपरेने पुरातन काळापासून केला आहे. पाणिनीने कर्त्याचे लक्षण सांगताना त्याला स्वतंत्र म्हटले आणि अशा कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याला ‘हेतु’ अशी निराळी संज्ञा देऊन त्याचे कर्तृत्वही मान्य केले. ह्यातील मर्म असे की प्रयोजक आला म्हणून प्रयोज्य नाहीसा होत नाही. काम करवून घेणारा कितीही मोठा असला, तरी काम करणाऱ्याचे कर्तेपण त्याला गिळता येत नाही. मराठीत तो ‘-कडून’ ह्या प्रत्ययाचा आधार घेऊन वाक्यात उभा राहतो. तो गाळलाच, तर वाक्य व्याकरणदृष्ट्या चुकत नाही, पण त्याला एक विशिष्ट सामाजिक सूर येतो. ‘शेठजींनी वाडा बांधविला’ हे वाक्य आपण ऐकतो, तेव्हा गवंडी कोठे आहे हे आपण विचारीत नाही. भाषेने आपल्याला तसे न विचारण्याची सवय लावलेली असते.

‘युरो ट्रक’च्या तिसऱ्या पायरीवर नेमका हाच लोप घडतो. नेमलेल्या चालकाला नाव आहे, छायाचित्र आहे, तीच सहा कौशल्ये आहेत आणि केलेल्या खेपांची नोंदही आहे. मात्र पहिल्या दोन पायऱ्यांवर खेळाने ज्या अनुभवाला शब्द दिला तो अनुभव ह्या चालकाच्या वाट्याला येत नाही. आपण स्वतः गाडी हाकीत असताना पावसात काचेवरील पुसणी चालू करावी लागते. रात्री दिवे न लावल्यास दंड होतो. लाल दिवा ओलांडल्यास, वेग वाढविल्यास दंड होतो. झोप आली की डोळे मिटू लागतात. ट्रेलर मागे घेऊन धक्क्याला लावताना तीनदा चुकते. आपल्या चालकाच्या खेपेत ह्यांपैकी काहीही दिसत नाही. तो म्हणजे अहवालातील एक ओळ : कोठून, कोठे, किती किलोमीटर, किती युरो.

हे सर्व अधिक खटकते, कारण हा लोप करणारा खेळ त्याच अनुभवाचा सर्वांत समर्थ चित्रकार आहे. ज्याने स्वतः पन्नास खेपा केल्या आहेत अशा मनुष्याला खेळ एकावन्नाव्या दिवशी दुसऱ्या पन्नासांचे श्रम अंकरूपाने देऊ करतो. आणि तो मनुष्य ते अंक कोणताही प्रश्न न विचारता स्वीकारतो, हे ह्या रचनेचे यश आहे व दोषही आहे.

४

कोणी म्हणेल, खेळात सर्वच वास्तव आणता येत नाही. हे मान्य आहे. खेळाचा नकाशा सुमारे एकास एकोणीस ह्या प्रमाणाचा आहे आणि वेळही त्याच मानाने धावतो. खेळातील अकरा तासांचा दिवस आपल्या घड्याळाच्या जेमतेम अर्ध्या तासात संपतो. संक्षेप हा ह्या कलेचा धर्मच आहे. परंतु संक्षेपात काय राहते आणि काय गळते, ही निवड असते; आणि निवडीची समीक्षा करता येते.

तुलनेसाठी युरोपातील खऱ्या चालकाचे जीवन पाहावे. युरोपीय संघाच्या २००६ मधील ५६१ क्रमांकाच्या नियमानुसार चालकाने दिवसाला नऊ तासच गाडी चालवावी, आठवड्यातून दोनदा दहा तासांपर्यंत मुभा, आणि साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची विश्रांती घ्यावी. डिसेंबर २०१७ मध्ये संघाच्या न्यायालयाने असा निर्णय दिला की नियमित साप्ताहिक विश्रांती ट्रकाच्या केबिनमध्ये घेता येणार नाही. २०२० च्या सुधारणेने मालकावर आणखी एक बंधन घातले : दर चार आठवड्यांच्या आत चालकाला घरी परतता येईल अशा रीतीने कामाची आखणी करावयाची.

ह्या तरतुदींमागे एक साधी जाणीव आहे : चालक हा कोठला तरी रहिवासी असतो. खेळात ही जाणीव नाही. खेळणाऱ्याला मुख्य ठिकाण आहे, घर नाही. तो वर्षानुवर्षे केबिनमध्ये झोपतो, पडदा काळा होतो, घड्याळ पुढे सरकते आणि तो ताजातवाना उठतो. नियमांतील विविध विश्रांत्यांचे रूपांतर थकव्याच्या एका पट्टीत झाले आहे, आणि ती पट्टीही नको असल्यास बंद करता येते.

२०२३ च्या वसंतात जर्मनीतील ए-५ ह्या महामार्गावरील ग्रेफेनहाउझेन येथील विश्रांतिस्थळावर एका पोलिश वाहतूकसंस्थेसाठी राबणाऱ्या, मुख्यतः जॉर्जिया आणि उझबेकिस्तान येथील चालकांनी थकलेल्या वेतनासाठी गाड्या उभ्या केल्या. अनेक आठवडे ते तेथेच राहिले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात तेथे असाच दुसरा संपही झाला. ‘युरो ट्रक’ खेळलेल्या मनुष्याला त्या विश्रांतिस्थळाचे चित्र डोळ्यांसमोर आणावयास प्रयास पडत नाहीत. रांगेत उभे ट्रक, दिव्याचे खांब, इंधनाचा पंप, हे सर्व खेळाने त्याला अचूक दाखविलेले असते. मात्र त्या ट्रकांतील मनुष्य खाली उतरून वेतन मागू शकतो, हे वाक्य खेळाच्या व्याकरणात बसत नाही. ज्याचे कर्तेपण लुप्त झाले तो संप कसा करणार? संप म्हणजे प्रयोज्याने आपण स्वतंत्र कर्ता आहोत हे सिद्ध करणे होय.

येथे एका जुन्या खेळाची आठवण अप्रस्तुत होणार नाही. आपल्या घरोघरी ‘व्यापार’ ह्या नावाने जो पट मांडला जातो, त्याचा पूर्वज ‘मोनॉपली’ १९३५ मध्ये अमेरिकेत पार्कर ब्रदर्सने बाजारात आणला. त्याच्याही मागे एलिझाबेथ मॅगी ह्यांचा ‘लँडलॉर्ड्स गेम’ आहे. त्याचे एकस्व १९०४ मध्ये मिळाले. जमिनीच्या भाड्याने काही थोडे श्रीमंत होतात आणि बाकीचे कसे नागविले जातात हे दाखविणे, हा मॅगीबाईंचा हेतू होता. पुढे तोच पट इतरांना नागविण्याचा आनंद देऊ लागला. ह्यावरून असे दिसते की नियम तेच राहूनही त्यांचा अर्थ, कोणाच्या दृष्टीने वाक्य रचले आहे त्यावरून पालटतो. भाडे भरणाऱ्याची बाजू त्या पटावर निदान समोर बसलेली असते. ती रागावते, कधी पट उधळते. ‘युरो ट्रक’मध्ये समोर कोणीच बसलेले नाही.

५

एवढ्यावर थांबल्यास मात्र ह्या कृतीवर अन्याय होईल. तिच्यातील उद्योगाची बाजू लंगडी आहे हे खरे. परंतु हा लंगडेपणा तिच्या एका सखोल प्रामाणिकपणाचे लक्षण आहे, असे मला वाटते.

निर्मात्यांनी प्रसिद्धीनंतरच्या काळात आपले श्रम कोठे घातले, ते पाहावे. २०१३ मध्ये पूर्व युरोप, २०१५ मध्ये स्कँडिनेव्हिया, २०१६ मध्ये फ्रान्स, २०१७ मध्ये इटली, २०१८ मध्ये बाल्टिक प्रदेश, २०१९ मध्ये काळ्या समुद्राचा किनारा, २०२१ मध्ये आयबेरिया, २०२३ मध्ये पश्चिम बाल्कन आणि २०२४ मध्ये ग्रीस, अशी रस्त्यांची भर पडत गेली. कचेरीची भर त्या मानाने नगण्य. चालक नेमणे, ट्रक देणे, अहवाल पाहणे, ही मूळची चौकट तशीच राहिली. म्हणजे पहिल्या प्रयोजकाला अवघा युरोप मिळाला आणि दुसऱ्याला काही तक्ते. निर्मात्यांच्या हातांना आपले खरे द्रव्य कोणते ते ठाऊक होते.

खेळणाऱ्यांनीही तोच कौल दिला आहे. मूळ खेळ एकट्याचा. २०१४ पासून ‘ट्रकर्स एमपी’ ह्या बाहेरच्या सोयीमुळे अनेकांना एकाच रस्त्यावर येता येऊ लागले. पुढे २०२१ मध्ये निर्मात्यांनीही ताफ्याने प्रवास करण्याची सोय दिली. तेव्हा लोक कोठे गोळा झाले? कॅले ते डुइसबर्ग ह्या अरुंद रस्त्यावर. तेथे अधिक नफा होता म्हणून ते आले नाहीत. तेथे दुसरे चालक होते म्हणून आले. खेळणाऱ्यांनी स्वतःच्या वाहतूकसंस्थाही काढल्या. अशा संस्थांत नोंदवह्या असतात, पदे असतात, ताफ्याचे रंग ठरतात. खेळाच्या तिसऱ्या पायरीने ज्याला अंक केले होते तो सहकारी येथे मनुष्य म्हणून परत आला. हा केवळ छंदाचा विस्तार नाही. खेळाने गाळलेला ‘-कडून’ खेळणाऱ्यांनी आपल्या हातांनी वाक्यात पुन्हा लिहिला, असे त्याचे वर्णन करणे अधिक यथार्थ होईल.

शिवाय खेळ कोणालाही तिसऱ्या पायरीवर ढकलीत नाही. त्याला शेवट नाही, विजयाची अट नाही. एक ट्रक घेऊन, एकही चालक न नेमता, पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंत आयुष्य काढता येते. आणि अनुभवाची वही, आपण वर पाहिले त्याप्रमाणे, अशाच मनुष्याच्या बाजूने आहे. चालकांच्या श्रमाने पैसा साचत जातो, त्याला कोठेही खर्चण्याचे कारण उरत नाही, आणि मग मालकही निमूटपणे केबिनमध्ये येऊन बसतो, रेडिओ लावतो व एखादे साधे भाडे उचलतो. खेळाचे हिशेबशास्त्र त्याला श्रीमंत करते. खेळाचे काव्य त्याला पुन्हा चालक करते. ज्या उद्योगाचे अंतिम फळ म्हणजे पुन्हा तेच काम, पण आता गरज म्हणून नाही, अशा उद्योगाची कल्पना आपल्या अर्थव्यवहारात क्वचितच आढळते.

६

निष्कर्ष असा. ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ हा श्रमाच्या अनुभवाचा फार चांगला आणि मालकीच्या अनुभवाचा फार उणा खेळ आहे. त्याच्या गणिताला कर्ता आणि हेतु ह्यांतील भेद कळतो. म्हणूनच अनुभव विकत मिळत नाही. त्याच्या चित्रणाला मात्र तो भेद पेलत नाही; म्हणून नेमलेला चालक अहवालाच्या ओळीत विरून जातो. हा दोष दूर करावयास मोठी यंत्रणा लागणार नाही. रात्री एखाद्या विश्रांतिस्थळावर आपल्याच नावाचा ट्रक उभा दिसावा, त्याच्या केबिनमध्ये दिवा असावा, आणि तो चालक किती दिवस घरी गेला नाही हे अहवालात एका स्तंभात लिहिलेले असावे, एवढ्यानेही तिसऱ्या पायरीचा अर्थ बदलेल. मग पुढचे गॅरेज घ्यावे की नाही, हा प्रश्न केवळ १,८०,००० युरोंचा राहणार नाही.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी ह्या नव्या क्षेत्राकडे वळू इच्छितात, त्यांना एक कसोटी सुचवावीशी वाटते. उत्कर्ष आणि उद्योग ह्यांची गोष्ट सांगणारा कोणताही खेळ घ्यावा, त्यातील प्रत्येक पायरीचे एक मराठी वाक्य करावे आणि त्या वाक्यात ‘-कडून’ कोठे गळला ते शोधावे. हीच कसोटी पुढे कादंबरीला, वृत्तपत्राच्या मथळ्याला आणि उद्योगसंस्थांच्या वार्षिक अहवालालाही लावून पाहता येईल. व्याकरण हे केवळ शुद्धाशुद्धाचे शास्त्र नाही. काम कोणी केले, ह्या प्रश्नाची नोंद ठेवणारे ते आपले सर्वांत जुने दप्तर आहे.